संमतीची सही

नूपुरने कॉलरबोन तिसऱ्यांदा उजेडात धरलं आणि कौशल्या मॅडमच्या टेबलावर ठेवलं.

"हा माणूस चोवीस वर्षांचा असूच शकत नाही, मॅडम. हे टोक तिशीपर्यंत जुळतं, इथं केव्हाच जुळून गेलंय. मणकेही झिजलेत. चाळिशी नक्की ओलांडलेली."

अकरा वर्षांपूर्वी कोराडीकडच्या एका पडीक शेतात ही जळकी हाडं सापडली, तेव्हा वयाचा अहवाल मॅडमनीच दिला होता. वीस ते पंचवीस. डीएनए निघाला नव्हता. इतवारीतला चोवीस वर्षांचा टेम्पोवाला चेतन त्या वेळी बेपत्ता होता. हाडं त्याचीच ठरली आणि त्याचा भागीदार रविंद्र जन्मठेपेवर गेला.

न्यायवैद्यक मानवशास्त्राच्या विद्यार्थी संशोधन पुरस्कारासाठी नूपुर निबंध पाठवणार होती. विदर्भातल्या माणसांचं वय हाडांवरून कसं ओळखायचं, हा विषय. विभागात पडून असलेली ही हाडांची पेटी तिने बाकीच्यांसारखीच मोजली होती.

"पोलिसांच्या पत्रात वय आधीच लिहिलेलं होतं," मॅडम म्हणाल्या. "मी नवी होते. पत्र वाचलं आणि मग हाडं पाहिली."

"मी हे प्रकरण वगळते, मॅडम. बाकी नमुने पुरेसे आहेत."

"आणि तो तुरुंगात सडू दे?" मॅडमनी चष्मा काढला. "पाठव. मार्गदर्शक म्हणून माझं नाव राहू दे."

मॅडमनी नूपुरला हाड हातात धरायला शिकवलं होतं. आता तिच्याच निबंधाने त्यांची नोकरी जाणार होती. पण एक निरपराध माणूस अकरा वर्षं आत होता, त्याचं काय?

स्पर्धेचा नियम होता, खऱ्या खटल्याचा उल्लेख असेल तर आरोपीच्या घरच्यांची लेखी संमती हवी. शेवटची तारीख उद्याची होती. दुपारी ती स्कूटी काढून रविंद्रच्या घरी गेली.

त्याची आई सखूबाई एकटीच राहायची. घर विणकरांचं, पण माग कधीच विकलेला. आता ती इतवारीतल्या एका दुकानासाठी डाळ निवडून द्यायची. तिने सूप बाजूला ठेवलं, खोलीच्या मधोमध चटई टाकली आणि पाणी दिलं.

नूपुरने सगळं सांगितलं. सावकाश, सोप्या शब्दांत.

"म्हंजे ते हाडं चेतनचे नाहीत?"

"नाहीत, आजी. वयानं बऱ्याच मोठ्या माणसाची आहेत."

"मंग रविंद्र सुटंन काय?"

"खटला पुन्हा उघडेल. मला वाटतं, सुटतील."

नूपुरसाठी आणलेलं पाणी सखूबाईच प्यायली.

"मॅडमले माहीत हाये?"

"हो. त्यांनीच पाठव म्हटलं." नूपुरने कागद पुढे सरकवला. "इथं सही करा. अंगठा दिला तरी चालेल."

म्हातारीने कागद हातात घेतला आणि परत नूपुरच्या मांडीवर ठेवला.

"हे मले जमत नाही, पोरी."

"काहून, आजी? तुमचा मुलगा घरी येईल!"

"म्हून तं."

नूपुरला वाटलं, म्हातारी कोर्टकचेरीला घाबरली. तिने सखूबाईचा हात धरला. "भिऊ नका. मी आहे तुमच्यासोबत. तुमच्या मुलानं काही केलंच नव्हतं, हे आता हाडंच सांगताहेत."

सखूबाई उठली. दार लावून घेतलं, कडी घातली आणि येऊन नूपुरसमोर बसली.

"पोटचा पोरगा हाये. पोलिसाले माह्यानं सांगणं झालं नाही. पण त्याले सजा झाली ना, तवा म्या देवाले हात जोडले. हाडं कोणाचेबी असू दे, सजा बरोबर माणसाले झाली."

"आजी, काय बोलून राहिल्या तुम्ही?"

"इथं आमचा माग होता. विणताना पाय सोडाले खड्डा होता, कमरेइतका. चेतन गेला त्या दिवशी रविंद्रनं थो बुजवला. माती म्याच आणून देली," सखूबाई म्हणाली. "तू बसून राहिली ना, तिथंच."