हवालदाराचा पार्ट

“काका, हवालदाराचा प्रवेश आज गाळू या,” विंगेत निलेश म्हणाला.

धोंडू आरशाच्या तुकड्यात बघून मिशी चिकटवत होता. “मग लोकांनी काय बघायचं? नुसता मुडदा? हसवलं नाय तर उठून जातील रे.”

वाडीच्या नमन-खेळ्यातला हा खुनाचा वग निलेशनेच लिहिला होता. वाडीला खून हवा होता आणि हसायलाही हवं होतं. हवालदार दर वर्षी धोंडूच करायचा. गेल्या पावसाळ्यात त्याची पोरगी मृणाली भाट्याच्या खाडीत सापडली, गळ्याभोवती ओढणी आवळलेली. कुणी मारलं, ते अजून कळलेलं नाही. तरी हवालदार धोंडूच.

पडदा वर गेला. बापाच्या पार्टात सदू हात जोडून उभा.

सदू : सायेब, माझी पोरगी कालपासून घरी नाय.

हवालदार :

इथे निलेशने लिहिलं होतं, ‘आमची म्हैसपण नाय.’ धोंडूने टेबलावर पाय टाकले.

हवालदार : गेली असंल कुणाचा तरी हात धरून. घरी जा. जावयासाठी कोंबडा बघून ठेव.

मंडप दणाणला. सदूचा चेहरा मात्र उतरला. मृणाली नाहीशी झाली तेव्हा धोंडूबरोबर पोलीस ठाण्यात तोच गेला होता.

“वन्स मोर.”

पुन्हा एंट्री घ्यायला धोंडू विंगेत आला.

“हे मी कुठे लिहिलं होतं, काका?”

“तुझं इसरलो. हे पाठ हाय.”

दुसऱ्यांदा.

हवालदार : …कोंबडा बघून ठेव.

बाया पदर तोंडात कोंबून हसल्या. “वन्स मोर.”

तिसऱ्यांदा.

सदू :

सदूचं तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

धोंडूने टोपी काढली. हात जोडले. “सायेब, माझी पोरगी कालपासून घरी नाय.” टोपी घातली. पाय टेबलावर. “घरी जा.” टोपी काढली. “ती न सांगता जायची नाय, सायेब.” टोपी घातली. “कोंबडा बघून ठेव.” टोपी काढली.

“सायेब.”

टोपी घातली.

निलेशने पडद्याची दोरी धरली. ओढवेना. लोक उभे राहून टाळ्या पिटत होते.

पुढच्या रांगेत सोनूबाईने हसून हसून आलेलं डोळ्यांतलं पाणी टिपलं आणि शेजारणीला म्हणाली, “बरा सावरला गो धोंडू.”