ओळखीशिवाय

डॉक्टरीणबाईंनी रंगाऱ्याच्या उजव्या बरगडीखाली बोटं दाबली आणि त्यांचं बोलणं मध्येच थांबलं.

शेजारी त्याची थोरली बहीण उभी होती. दवाखान्याची फीत सकाळी तिच्याच हस्ते कापली गेली होती. वस्तीत दवाखाना हवा, सगळ्यांना फुकट, कुणाची चिठ्ठी नको, कुणाचा वशिला नको, असा ठराव तिने नगरसभेत मांडला. तो दोनदा पडला. तिसऱ्यांदा मंजूर झाला. त्यासाठी बहीण-भावाने घरोघरचे उंबरे झिजवले होते. भिंतींना रंगही त्यानेच दिला. मधूनच शिडी उतरून तो खाली बसायचा, तेव्हा ती त्याची थट्टा करायची, "आत्ताच म्हातारा झालास की काय रे?"

आज त्याला रांगेत बघून तिला हसूच आलं होतं. तो मागच्यांना सांगत होता, "पुढारणीचा भाऊ म्हणून नाही हं! उजाडायच्या आत येऊन उभा राहिलोय, म्हणून पहिला नंबर."

"दुखायला लागून किती दिवस झाले?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"होत आलं की वर्ष."

बहिणीच्या तोंडचं पाणी पळालं. "वर्ष? आणि मला एका शब्दाने बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर काय केलं असतंस?"

"मोठ्या इस्पितळात फोन केला असता. संध्याकाळच्या आत खाट मिळवली असती तुला."

"तेच म्हणतो मी." तो हाताच्या आधाराने उठून बसला. "आणि मग सभेत कुठल्या तोंडाने उभी राहिली असतीस? सगळे टपूनच बसले होते, ताई. म्हटलं, दवाखाना होतोच आहे. तोवर कळ काढू."

"पडला असता ठराव तर पडला असता!"

ती इतक्या मोठ्याने ओरडली की बाहेरची कुजबुज थांबली. एक तान्हं मूल तेवढं रडत राहिलं.

"आजच्या आज मोठ्या इस्पितळात न्या," डॉक्टरीणबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "मी फोन करते तिथे."

"आधी आला असता तर?"

डॉक्टरीणबाईंनी हात धुवायला नळ सोडला. हात धुऊन झाले, तरी त्यांनी तो बंद केला नाही.

रंगारी सदऱ्याची बटणं लावू लागला. बटण काजात जाईना. बहीण खाली वाकली आणि लहानपणी लावायची तशी एकेक लावू लागली. शेवटचं बटण लागलं, तरी तिने सदरा सोडला नाही. मुठीत धरून ठेवला.

त्याने हलकेच तिची मूठ सोडवली.

"सरक आता, ताई. मागे लोक खोळंबलेत."