काजळ्या

"तुम्ही मारलेत! दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायचं नाही, तुम्हीच मारलेत!" असं म्हणत थोरलीने पिशवी साहेबांच्या टेबलावर उपडी केली. बटाटे घरंगळले. जांभळे, लालभडक, निळसर, ठिपक्याठिपक्यांचे. एक फायलींवरून उडी मारून थेट साहेबांच्या मांडीत गेला.

थोरली बसमध्ये कंडक्टर. पुढच्या दारातून मागच्या दारातल्या माणसाला दम भरायची सवय, त्यामुळे उद्यान खात्याचं अख्खं ऑफिस माना वर करून बघायला लागलं. तिची धाकटी जाऊ मागे अंग चोरून उभी होती. बटाटे प्रदर्शनाला द्यायची हौस तिचीच.

"बाई, ओरडू नका. बसा," साहेब म्हणाले. "अहो, पहिलं बक्षीस मिळालंय तुम्हाला! लोकांनी रांगा लावून फोटो काढले."

"तेल कुणी चोळलं यांना?"

"चमक यावी म्हणून थोडंसं. आधी स्वच्छ धुऊन घेतले हो, मातीने नुसते बरबटले होते."

"ऐकलंस गं?" थोरली जावेकडे वळली. "बरबटले होते म्हणे! आपण दोघी वेड्या, म्हणून माती ठेवली होती त्यांच्या अंगावर."

घरी जिन्याखालच्या अंधारात प्रत्येक जातीचा वेगळा क्रेट असायचा. कोरडी माती तशीच, हवा खेळती. तिथला दिवा चुकून जळत राहिला, तर थोरली नवऱ्यालाही सोडायची नाही. खात्याचा माणूस म्हणाला, टेबल भरलेलं दिसायला हवं, सगळे द्या, जसेच्या तसे परत आणतो. धाकटीने दिले. काजळ्याचाही क्रेट दिला.

काजळ्या म्हणजे पिवळा बटाटा, डोळे तेवढे जांभळे, काजळ घातल्यासारखे. बटाट्याच्या झाडाला कधीमधी धरणाऱ्या फळातलं बी रुजवून थोरलीने तो घरामागच्या वाफ्यात निवडत निवडत आणला होता. दुसरीकडे कुठेच नव्हता. लावायला राखलेलं बेणं तेवढंच होतं, आणि वाफे तयार होते.

"आणि काचेच्या पेटीत कोंडून वर ते भट्टीसारखे दिवे! प्रदर्शन उरकलं तरी बाहेर काढायचं सुचलं नाही?"

"बडे पाहुणे बघायला येणार होते."

"आले?"

"नाही जमलं त्यांना." साहेबांनी मांडीतला बटाटा दोन बोटांनी उचलून टेबलावर ठेवला. "पण बघा की, कसे झकास दिसतायत! उगाच राईचा पर्वत करताय."

"जाऊबाई, चला ना," धाकटी पुटपुटली. "माझंच चुकलं. मी बाजारातून दुसरे…"

"बाजारातून काजळ्या आणतेस? जा, आण. मी इथेच बसते."

साहेब हसले. समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो, शेवटी बटाटेच ना? आमच्या कँटीनमध्ये पोती पडलीयत. जाताना घेऊन जा हवे तेवढे."

धाकटी पुढे आली. टेबलावरची पाकिटं फोडायची सुरी तिने उचलली, एक काजळ्या धरला आणि फायलीवर ठेवून चिरला. कडेला पिवळा. मधोमध शाई सांडल्यासारखा काळा.

साहेब वाकून बघू लागले. "हे रंगीत बटाटे आतून असेच असतात ना?"

"हा पिवळा असतो. गुदमरून मेला की काळा पडतो."

एवढ्या हळू बोलली की टायपिंग करणारे थांबले. तिने दुसरा चिरला. काळा. तिसरा. काळा. हात तेलाने बरबटले, सुरी निसटत होती, तरी ती चिरत राहिली. फायलीचा पुठ्ठा कापला गेला.

"अगं, पुरे," थोरलीने तिचा दंड धरला. "हात कापशील."

धाकटीने दंड सोडवून घेतला.

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. "हे बघा, मला मीटिंगला जायचंय."

"जा की," धाकटी म्हणाली. कापलेल्या फोडी तिने दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर लोटल्या, न चिरलेले बटाटे त्यांच्या शेजारी. "जायच्या आधी यातला एक निवडून द्या. वाफा उघडा पडलाय आमचा."

साहेब उभेच राहिले. त्यांनी एक बटाटा उचलला, फिरवून पाहिला, परत ठेवला.

"बोला ना, साहेब. कोणता लावू?"