मोळीखालचा चौरंग

"ऐका आबा," वायरमन त्रिंबक म्हणाला. त्याने जुन्या लिमिट स्विचच्या दांड्याचं उरलेलं थोटूक अंगठ्याने अगदी हळू दाबलं. अर्ध्यावर गेल्यावर आत खट् झालं. मग नवा कोरा स्विच घेऊन तसाच हळू दाबला. दांडा पार टेकला तरी आवाज नाही.

"झालं तुजं?" सुंदरराव म्हणाले. ते साखर कारखान्याच्या खरेदी समितीचे अध्यक्ष. नवे दोन स्विच त्यांच्याच मेव्हण्याच्या दुकानातून आले होते, आणि त्यांतला एक वायरमनला न विचारता काल क्रेनवर चढलाही होता. "मला कारखाना चालवायचाय बे, खटखट न्हाई ऐकायची."

"हुक वरच्या टोकाला आला की मोटार बंद करायचं काम ह्याचं. उसाची मोळी घिऊन हुक सावकाश वर येतो. हा नवा बी सावकाशच सुटतो. सुटता सुटता आत ठिणगी पडते, पट्ट्या चिकटतात. मंग हुक वर टेकला तरी मोटार वढतच ऱ्हाती, आन् दोर तुटतो. जुना कसा बी दाबा, एका झटक्यात सुटतो. मी मागणी तसल्याचीच लिवली होती."

"आन् हे काय खेळणं धाडलंय का?"

"दुकानाच्या शटरला चालंल. हितं न्हाई."

सुंदररावांच्या कपाळावरची शीर फुगली. भोवतीची माणसंही चिडली होती, पण त्रिंबकवर. दोन वर्षं कारखान्याचं धुराडं थंड होतं. यंदाही निम्मा ऊस चारा छावण्यांनी खाल्ला. उरलेला महिनाभर पुरला तरी नशीब म्हणायचं. युसूफ वडगावहून उसाची पहिली ट्रॉली आत येऊन लागली होती, सनई वाजत होती, आणि हा बाबा रजिस्टर काखेत मारून उभा. त्यात वायरमनची सही पडल्याशिवाय क्रेन हलवायची नाही, असा नियम. नियम सगळ्यांना मान्य असतो. तो पाळणारा माणूस तेवढा डोळ्यांत खुपतो.

गर्दीतून रामहरी पुढे आला. तो दोरीवाला. मोळी वर जायला लागली की हुकाखाली उभं राहून दोरीने तिला ऊस टाकायच्या गव्हाणीकडे वळवायचं, हे त्याचं काम.

"कर की सही. कावून आडून बसलास?"

"दोर तुटला तर मोळी कुणावर पडंल, रामहरी?"

"तुला कुणी वकील केलं बे माजा? दोन वर्सं घरी बसून खाल्लं. आता बायकोबी नीट बोलाना झाली. सही कर."

"न्हाई करत."

रामहरीने त्याची गचांडी धरली. रजिस्टर खाली पडलं. सुंदररावांनी ते उचललं, धूळ झटकली आणि खिशातलं पेन काढून त्रिंबकच्या रकान्यात आपली लांबलचक सही ठोकली.

"घ्या. माज्या सहीला काय काटे हायत का? आन् तू उद्यापासून गेटच्या भाईर."

माणसं हसली. कुणीतरी शिट्टीही मारली. त्रिंबकने जुना स्विच खिशात घातला, पण तो गेला नाही. खांबाला टेकून उभा राहिला. रामहरीचा त्याला भयंकर संताप आला होता, आणि तरी त्याच्या डोक्यावरून नजर हटत नव्हती.

ट्रॉलीतली पहिली मोळी हुकाला टांगली गेली. तिच्याखाली गुरुजींनी चौरंग मांडला, दोन पाट ठेवले. रिवाज असा, की संचालकांनी सपत्नीक मोळीखाली बसून पूजा करायची, आणि नारळ फुटला की मोळी त्यांच्या डोक्यावरूनच पार वर न्यायची. लक्ष्मी डोक्यावरून गेली पाहिजे, असं म्हणत. पूजेचा हा मान मिळावा म्हणून संचालकांमध्ये दरसाल भांडणं होत. यंदा तो सुंदररावांनी पटकावला होता.

त्यांच्या पत्नी केशरबाई शाल सावरत पाटावर बसल्यासुद्धा. सुंदररावांनी चपला काढल्या, एक पाय पाटावर ठेवला, मान वर करून हुकाकडे पाहिलं. मग पाय काढून घेतला.

"गुरुजी, चौरंग तिकडं लिंबाखाली घ्या. हितं लई ऊन हाय."

सकाळचे आठ वाजले होते. माणसांच्या कानांवरचे मफलर अजून सुटले नव्हते.

"पण आबा, दरवर्षी इथंच मांडतो आपण..."

"घ्या म्हणलं न्हाई का!"

चौरंग उचलला गेला. केशरबाई नवऱ्याकडे न बघता उठल्या आणि आपला पाट आपणच उचलून चालू लागल्या. हसणारे एकेक पाऊल मागे सरकले. सनईवाल्याला काही कळलं नाही, तो वाजवतच राहिला.

मोळीखाली आता एकटा रामहरी उरला, हातात दोरी घेऊन. चौरंगाच्या जागी हळद सांडली होती. त्याने ती पाहिली, लिंबाखाली बसलेले सुंदरराव पाहिले, मग मान वर करून कितीतरी वेळ हुकाकडे पाहिलं. दोरी जमिनीवर ठेवली. चालत लिंबाखाली आला आणि सुंदररावांच्या पाटाला पाट लावल्यासारखा, अगदी शेजारी, जमिनीवर बसला.

सुंदररावांनी नारळ फोडला. क्रेन हलेना.

"रामहरी, जाऊन दोरी धर बे! क्रेन खोळंबलीय."

"धरतो की, आबा," रामहरी मांडी घालत म्हणाला. "जरा ऊन उतरू द्या."