लाल शाईतलं ‘उत्तम’

“ही डोंगराची सोंड नाही, नाला आहे.” बाईंनी पेन्सिलीचं टोक नकाशावर टेकवलं. “आणि नाल्यात तू चाळीस घरं बसवलीस. माणसं राहायची आहेत की मासे?”

वर्ग हसला. विद्यार्थिनी मान खाली घालून उभी राहिली.

पाणलोट व्यवस्थापनाचं प्रात्यक्षिक होतं. विद्यापीठामागच्या डोंगराचा नकाशा, त्यावर वस्तीसाठी सुरक्षित जागा दाखवायची. बाई अठरा वर्षं हाच नकाशा देत होत्या. उंचीच्या रेषेचं टोक चढाकडे वळलं तर नाला, उताराकडे वळलं तर सोंड, हे पहिल्याच तासाला सांगायच्या. दुसऱ्या तासाला एवढंच: “नाल्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं की वरून लोंढा निघालाय; विचार करत बसायचं नाही. चढ धरायचा.”

“स्वतः काढलास?”

“नाही, बाई. कपाटातल्या जुन्या वहीतून उतरवला. तिच्यावर तुमची सही होती, म्हणून म्हटलं...”

बाईंनी वही मागवली. तीच चाळीस घरं. तोच नाला. कोपऱ्यात लाल शाईत ‘उत्तम’. अक्षर त्यांचंच. त्या वर्षी पंचावन्न वह्या एका दुपारी हातावेगळ्या केल्या होत्या. हा मुलगा हुशार, त्याचं काय तपासायचं, म्हणून रंगकाम पाहून पान उलटलं होतं.

तो हुशार मुलगा आता नियोजन कार्यालयात मोठा साहेब होता. मागे भेटला तेव्हा कौतुकाने म्हणाला होता, “बाई, डोंगराखालची नवी वसाहत तुम्ही ‘उत्तम’ दिलेल्या आराखड्यावरच बांधली.” बाईंना भरून आलं होतं. लेकीला तिथलं घर त्यांनीच घ्यायला लावलं. राहायला जाऊन आठवडासुद्धा झाला नव्हता.

खिडकीबाहेर रस्ता कोरडा होता. डोंगराचा माथा मात्र तीन दिवस ढगांतून बाहेर आला नव्हता.

बाईंनी फोन लावला.

“घरामागे पाणी आलंय का गं?”

“तुला कसं कळलं? सकाळपासून झरा वाहतोय, आई. इतकं नितळ पाणी! माझी धाकटी त्यात होड्या सोडत बसलीय, आत यायला तयार नाही.” लेक हसली. मग म्हणाली, “अगं, हे बघ. आत्ता एकदम चहासारखं झालं.”