नाव घ्या

राउटर दोनदा बंद करून चालू केला, तरी वारलेल्या नवऱ्याचं मन साठवलेलं पान ब्राउझरमध्ये उघडेना. वत्सलाबाईंनी मदतकेंद्राला फोन लावला.

"आजी, पान उघडायला रोज काय हाक मारता?"

"अहो."

"तिथंच अडलंय. आजपासून नाव लागतं. आज जोडणी झाली नाही तर नियमानं ते कायमचे पुसले जातात."

साठ वर्षांत त्यांनी नाव घेतलं होतं ते फक्त उखाण्यात. त्यांनी डोळे मिटले. "भालचंद्र."

पान उघडलं. भालचंद्रराव खेकसले, "आवाज हुबेहूब काढलाय हो! पण आमची ही नावानं हाक मारेल होय? चोर कुठले!"

पडद्यावर ओळ उमटली: समोरच्याने जोडणी नाकारली.

"तुमचं नेट उत्तम आहे, आजी," केंद्रातला माणूस म्हणाला. "दोष तिकडचाच. पुसून टाकतो हं."