पूजेतला बोल्ट

दसऱ्याला गॅरेजात अवजारांची पूजा मांडून झाली आणि भानुदास मिस्त्रींनी गाडीत चार लिटर महागडं ऑइल ओतलं. ते इंजिनातून तसंच खाली उतरून रांगोळीभर पसरलं. खालचा बोल्ट लावायचाच राहिला होता!

"वय झालं मिस्त्री तुमचं," गाडीवाला हसला. मिस्त्री नुसते फडक्याला हात पुसत राहिले.

"चूक माझी," त्यांची लेक संजीवनी म्हणाली. "पान्यांबरोबर बोल्टही मीच पूजेला ठेवला. आणते."

बोल्ट तर मिस्त्रींच्या खिशात होता. नव्या शर्टावर उमटलेला काळा डाग तिने केव्हाच पाहिला होता. पाटाकडे जाताना तिने हळूच हात पुढे केला. त्यांनी गुपचूप बोल्ट त्यात ठेवला.

पाठमोरी वाकून तिने आधी त्याला हळदकुंकू लावलं, मग गाडीवाल्याला दाखवला.